तेवीस वर्षांचं गाव

पोहे सहा बशांत वाढायचे की सात, यावर स्वयंपाकघरात एकमत होत नव्हतं. घरात माणसं सहाच होती. सातवी बशी स्थळासाठी, असं कलावतीचं म्हणणं होतं. स्थळ म्हणजे अमेरिकेतल्या वॉरेन्सफील्ड नावाच्या गावाचं चोवीस पानी रंगीत माहितीपत्रक. ते हॉलमध्ये टीव्हीवर फुलदाणीला टेकवून ठेवलं होतं.

“वन्सं, ते पुस्तक आहे,” वसुंधरा म्हणाली.

“पुस्तक असू दे नाहीतर पाटी असू दे. पाहण्याचा कार्यक्रम म्हटला की स्थळासमोर रिकामं ठेवत नाहीत. आपल्या घरात नाही ठेवत,” कलावती म्हणाली आणि सातव्या बशीवर स्वतःच खोबरं भुरभुरवलं.

कलावती ही दयानंदची मोठी बहीण. चिपळूणहून महिन्याच्या व्हिजिट व्हिसावर आली होती. त्यातले बावीस दिवस तिने मस्कतमधल्या अझैबातल्या या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एसीला नावं ठेवत काढले होते. आज मात्र तिला काम मिळालं होतं आणि ती खुशीत होती.

हा कार्यक्रम ठरवला होता रमणदादांनी. उर्वीला वॉरेन्सफील्डच्या युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळाला, फी माफ झाली, पत्र आलं. दयानंदने ते पत्र मस्कतमधल्याच वादी अदाईला मोठ्या भावाकडे नेऊन पायाशी ठेवलं, तेव्हा रमणदादा एवढंच म्हणाले होते, “आपल्या घरातली मुलगी ज्या गावात जायची, ते गाव आधी पाहायचं असतं. घरं किती, आपली किती, पाणी कसं, म्हातारीकोतारी कशी. माझ्या आत्याच्या वेळी आजोबा तीन दिवस चालत गेले होते.” अमेरिकेला चालत जाणं शक्य नव्हतं, म्हणून गावाला घरी बोलावण्यात आलं. उर्वीने शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमधून त्या गावाच्या जनगणनेचे आकडे छापून आणले. शुक्रवारची दुपार ठरली. तो शुक्रवार सोळा एप्रिल एकोणीसशे नव्याण्णवचा होता, आणि होकाराचा फॉर्म फॅक्सने पाठवायची शेवटची तारीखही तीच होती. नाक्यावरच्या इक्बालभाईंनी फोटोकॉपीचं दुकान आठपर्यंत उघडं ठेवायचं कबूल केलं होतं.

वसुंधराला या सगळ्याचा संताप येत होता, पण तो तिने कांदा चिरण्यावर काढला होता. मुलगी हुशार, वर्गात नव्हे, शाळेत पहिली, आणि तिच्या आयुष्याचा निर्णय एका बशीवर अडकलेला. दयानंद भावाच्या शब्दाबाहेर जाणार नाही हे ती अठरा-एकोणीस वर्षं बघत आली होती. एक्याऐंशी साली रमणदादांनीच त्याला इथे आणलं, पाण्याच्या प्लँटवर चिकटवलं, पहिले आठ महिने आपल्या खोलीत झोपवलं. दादा नाही म्हणाले तर नाही. मग उर्वीने मुंबईला कुठल्यातरी हॉस्टेलवर राहायचं आणि जन्मभर आईला ऐकवायचं.

“ताई, तुम्ही तरी काही बोला ना त्यांच्याशी,” तिने जाऊबाईंकडे वळून म्हटलं.

सुचित्राताई ओट्याला टेकून उभ्या होत्या. दोघींचं गेल्या वर्षीच्या पडद्यांच्या भांडणापासून कामापुरतंच बोलणं होतं. वसुंधराने त्यांच्या पडद्यांसारखाच रंग घेतला होता, एवढंच ते भांडण. “मी काय बोलणार? आमच्यात मुली अशा परक्या गावात पाठवायची पद्धत नाही,” त्या म्हणाल्या. “इथले पोहे जाडच मिळतात, नाही?”

वसुंधराने सातही बशा ट्रेमध्ये ठेवल्या.

हॉलमध्ये रमणदादा लाल पेन आणि पट्टी घेऊन बसले होते. सीबच्या वाटेवर एका बांधकाम कंपनीचा मजुरांचा कॅम्प होता, आणि बावीस वर्षं ते तिथले कॅम्प बॉस होते. चारशे माणसं, अठ्ठावन्न खोल्या, दोन मेस. नवा माणूस विमानतळावरून आला की कोणत्या खोलीत, कुणाच्या शेजारी, वरच्या खाटेवर की खालच्या, हे ते त्याच्याकडे एकदा बघून ठरवत. माणसांची यादी समोर आली की त्यांचा हात आपोआप पट्टीकडे जाई. वॉरेन्सफील्डचीही त्यांनी ओळीओळीने आखणी सुरू केली होती.

“लोकसंख्या अठ्ठावन्न हजार,” त्यांनी वाचलं. “त्यात विद्यार्थी सत्तावीस हजार. म्हणजे अर्धा कॅम्प.”

“कॅम्प नाही काका, टाउन,” उर्वी म्हणाली.

“गाव कधीचं?”

“अठराशे अडतीस.”

कलावतीने बोटं मोजली. “एकशे एकसष्ट. वयात अंतर जरा जास्तच झालं. जन्मवेळ दिलीय का?”

“आत्या, इट्स अ टाउन.”

“पत्रिका राहू दे, कला,” रमणदादा म्हणाले. “आधी आपली माणसं बघू. आशियाई चार टक्के. दया, किती झाले?”

दयानंद भावासमोर नेहमीच शाळेत बसल्यासारखा बसे. “दोन हजार तीनशे आणि वर काही.”

“त्यातले चिनी, जपानी, कोरियन सोडले तर भारतीय धरू सहाशे. त्यात गुजराथी, मद्रासी, पंजाबी, तेलुगू. मराठी किती धरायचे?”

“तीस?”

“तीस कुठले. पंधरा धर. त्यात पुणं-मुंबई किती आणि रत्नागिरी जिल्हा किती?” रमणदादांनी कागदाच्या कडेला भागाकार मांडला. तो बराच वेळ चालला. शेवटी त्यांनी उत्तराखाली दोन रेघा मारल्या. “पाऊण माणूस.”

सगळेजण त्या पाऊण माणसाचा विचार करत होते.

“उर्वी गेली की पावणेदोन होतील,” दयानंद म्हणाला. मुलीच्या बाजूने तो एवढंच बोलू शकला, आणि तेही बोलून झाल्यावर त्याने पोह्यांची बशी उचलली.

“पुढचं बघू. सरासरी वय.” रमणदादांनी चष्मा सरकवला. “तेवीस.”

“तेवीस म्हणजे कुणाचं?” सुचित्राताईंनी विचारलं.

“अख्ख्या गावाचं.”

“आणि म्हातारी माणसं?”

“पासष्टच्या वर, शंभरात सहा.”

कलावतीच्या हातातला चमचा थांबला. तिच्या आळीत शंभरात साठ म्हातारे होते आणि उरलेल्या चाळिसांतले निम्मे मुंबईला. “मग बाकीचे जातात कुठे?”

“तेच तर मला कळायला हवं,” रमणदादा म्हणाले. “ज्या गावात म्हातारं माणूस दिसत नाही, त्या गावात काहीतरी खोट आहे. पाणी वाईट असेल, नाहीतर माणसं वाईट असतील. आणि हे बघा, एकट्या माणसाची घरं एकतीस टक्के. खोलीला एक माणूस. केवढी जागा फुकट.”

उर्वीला रडू येत होतं आणि हसूही. तिचं मराठी घरातल्या घरात चालायचं. रागावली की ते पार आटायचं आणि मागे इंग्रजी उरायचं. गेले चार महिने तिने रात्रंदिवस फॉर्म भरले होते. शाळेतल्या मैत्रिणी मणिपाल आणि पुण्याला निघाल्या होत्या. त्या माहितीपत्रकातलं वाचनालयाचं पान तिने इतक्यांदा उघडलं होतं की ते शिवणीतून सुटलं होतं. आणि आता या खोलीत तिच्या गावात म्हातारे किती, यावर तिचं जाणं ठरणार होतं.

“काका, लिसन. ते स्टुडंट टाउन आहे. मुलं येतात, चार वर्षं शिकतात, जातात. म्हणून एज कमी.”

“हा कागद कधीचा?”

“नाइन्टीन नाइन्टी.”

“मग झालं तर,” रमणदादांचा चेहरा उजळला. कागदात चूक सापडली की त्यांना बरं वाटे. “नऊ वर्षं झाली. तेव्हा तेवीसचे होते, ते आता बत्तीसचे. अजून तीस वर्षांनी गावात म्हातारे होतील. तेव्हा बघू.”

“नो, काका. ते तेवीसचे गेले. आता दुसरे तेवीसचे आलेत. लोक बदलतात. गावाचं वय वाढतच नाही.”

रमणदादांनी पट्टी खाली ठेवली.

सुचित्राताई मात्र वेगळ्याच विचारात होत्या. “लग्न झालेले किती टक्के?” त्यांनी विचारलं.

“अठ्ठावीस.”

“आणि सासूसासरे एकत्र राहणारे?”

उर्वीने कागद उलटा-सुलटा केला. “तसा कॉलमच नाही, काकी.”

“कॉलमच नाही.” सुचित्राताईंनी हे वाक्य दोनदा मनात घोळवलं. त्यांनी गुहागर तालुक्यातल्या कासारकोंडला सासूच्या हाताखाली नऊ वर्षं काढली होती, नवरा मस्कतला असताना. त्या सोफ्यावर जरा पुढे सरकल्या. “गाव वाईट वाटत नाही मला,” त्या म्हणाल्या. वसुंधरा त्यांच्याकडे बघतच राहिली. वर्षभरात पहिल्यांदा तिने जावेच्या बशीत आपण होऊन पोहे वाढले.

कलावतीला ही फितुरी आवडली नाही. ती इतका वेळ काठावर होती, ती आता थेट दादाच्या बाजूला जाऊन बसली. “मुलगी आजारी पडली तर उशाशी कोण? तेवीस वर्षांची पोरं? त्यांना ताप उतरवता येतो का?”

“हॉस्पिटल आहे आत्या, कॅम्पसमध्येच.”

“हॉस्पिटल इथेही आहे. म्हणून मी आजारी पडत नाही.”

रमणदादांना त्यांचं बोलणं ऐकू येत होतं, पण ते तिथे नव्हते. गावाचं वय वाढतच नाही. कॅम्पचंही वाढत नव्हतं. सत्त्याहत्तर साली ते रुजू झाले तेव्हा कॅम्पातलं वय तेहतीस-चौतीस होतं, आणि परवा त्यांनी मेसची यादी केली तेव्हाही तेवढंच होतं. साठीला आलेल्या माणसाला कंपनी पत्र द्यायची. ते पत्र नेऊन द्यायचं कामही कॅम्प बॉसचंच. कितीजणांना त्यांनी ते खाटेवर बसवून वाचून दाखवलं होतं. खलास, आता आराम करा, म्हणाले होते. कार्टनला दोरी बांधून दिली होती, ब्लँकेटची घडी कशी घालायची ते शिकवलं होतं, आणि माणूस विमानतळावर पोचायच्या आत त्याच्या खाटेवर दुसऱ्याचं नाव लिहिलं होतं. एकाने विचारलं होतं, रमणशेठ, मी बारा वर्षं इथे होतो हे कुठे लिहिलेलं असतं का? ते म्हणाले होते, असतं ना, ऑफिसात.

पंधरा दिवसांपूर्वी त्यांचं स्वतःचं पत्र आलं. ते वाचून दाखवायला कुणी नव्हतं. त्यांनीच गाडीत बसून वाचलं. जूनच्या तीस तारखेला व्हिसा रद्द, वादी अदाईचं क्वार्टर कंपनीला परत. ते शर्टाच्या खिशात होतं, आत्ताही. सुचित्राला सांगितलं नव्हतं, कारण ती विचारणार, मग पुढे काय, आणि त्याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. मुलगा सागर दुबईला बॅचलर खोलीत सहाजणांबरोबर राहत होता. दयानंदचा फ्लॅट तरी इथे होता, उर्वी तरी इथे होती, फार तर मुंबईपर्यंत गेली असती. सगळेच निघाले तर जाताना मागे वळून बघायचं तरी कुणाकडे? त्यांना कुणीतरी थांबलेलं हवं होतं. एवढी साधी गोष्ट होती, आणि ती तोंडाने बोलता येत नव्हती म्हणून ते टक्केवारी काढत होते.

“मला त्या गावातला एक म्हातारा दाखवा,” ते म्हणाले.

“म्हणजे?” दयानंदने विचारलं.

“शंभरात सहा आहेत ना? त्यातला एक. त्याच्याशी बोलतो. तो हो म्हणाला तर माझी हरकत नाही.”

सगळ्यांनी उर्वीकडे पाहिलं. उर्वी उठली, आत गेली आणि युनिव्हर्सिटीचं दुसरं एक पत्र घेऊन आली. परदेशी मुलांना गावातलं एखादं कुटुंब जोडून देतात. त्यांच्या घरी सणाला जेवायचं, अडचण आली तर त्यांना फोन करायचा. उर्वीच्या पत्रात एकच नाव होतं: मिसेस डोरोथी केसलर, निवृत्त ग्रंथपाल, वय चौऱ्याहत्तर. खाली नंबर होता.

“चौऱ्याहत्तर,” कलावती म्हणाली. तिच्या आवाजात आदर होता.

पाच वाजून गेले होते. तिकडे सकाळचे आठ, असं उर्वीने सांगितलं. दयानंदने फोन मधल्या टीपॉयवर आणला, त्यासाठी सातवी बशी बाजूला केली, आणि स्पीकरचं बटण दाबलं. रमणदादांनी शर्टाची कॉलर नीट केली. स्थळाशी बोलणं पहिल्यांदाच होत होतं.

चौथ्या घंटेला एक बारीक, खरखरीत आवाज आला.

“गुड मॉर्निंग, मॅडम,” रमणदादा मोठ्याने म्हणाले. लांबच्या माणसाशी मोठ्याने बोलावं लागतं, यावर त्यांचा विश्वास होता. “धिस इज रमण, फ्रॉम मस्कत, ओमान. आय ॲम एल्डर ब्रदर ऑफ फादर ऑफ द गर्ल.”

पलीकडून हसल्याचा आवाज आला आणि भराभर बरंच काही. रमणदादांनी उर्वीकडे पाहिलं.

“ती म्हणते, तिला खूप आनंद झाला,” उर्वी म्हणाली. “ती म्हणते, इतक्या सकाळी तिला फक्त फार्मसीवाले फोन करतात.”

“विचार, गावात पाणी कसं आहे.”

उर्वीने डोळे मिटून विचारलं. “म्हणते, चांगलं आहे. नदी आहे. उन्हाळ्यात थोडा वास येतो.”

“खरं बोलते,” कलावती दादाच्या कानात म्हणाली.

“विचार, म्हातारी माणसं कुठे जातात.”

“काका, हे कसं विचारू?”

“मी विचारतो. मॅडम, इन युवर टाउन, ओल्ड पीपल, ओन्ली सिक्स पर्सेंट. व्हेअर आर दे गोइंग?”

दयानंदने कपाळाला हात लावला. पण बाईंना प्रश्न आवडलेला दिसला. त्या बराच वेळ बोलल्या. उर्वी ऐकत राहिली आणि मग एकेक शब्द शोधत मराठीत सांगू लागली.

“म्हणते, बरेच लोक रिटायर झाले की गरम स्टेटमध्ये जातात. फ्लोरिडा वगैरे. ती नाही गेली. ती एक्कावन्न वर्षं त्याच घरात आहे. नवरा वारला. मग ती, म्हणजे, तिने वरची खोली स्टुडंट्सना दिली. भाड्याने नाही, अशीच. ते बर्फ काढतात, ती सूप करते. आतापर्यंत एकोणीस झाले. दर एक-दोन वर्षांनी नवीन.”

“आजारी पडली तर?” कलावतीने विचारलं. तिला राहवलं नाही.

“मागच्या वर्षी पडली होती. हिप फ्रॅक्चर. तेव्हाची मुलगी तिच्याजवळ थांबली. परीक्षा सोडून.” उर्वी थांबली. “म्हणते, लोक विचारतात, सगळी मुलं निघून जातात त्याचं वाईट नाही वाटत? ती म्हणते, वाटतं. प्रत्येक वेळी. पण कुणीतरी दार उघडायला असावं लागतं ना. मुलं परत येतात. लग्न झाल्यावर, बाळं घेऊन. त्यांना बघायचं असतं, ती आहे का अजून.”

सुचित्राताई बोटातली अंगठी फिरवत होत्या.

मग फोनमधून एक प्रश्न आला. तो कळायला भाषांतर लागलं नाही. तुम्ही तिकडे किती वर्षं आहात?

“ट्वेंटी-टू इयर्स, मॅडम.”

म्हणजे तुम्ही आता तिथलेच, बाई म्हणाल्या.

“नो, मॅडम,” रमणदादा म्हणाले. ते अजूनही मोठ्यानेच बोलत होते. “आय ॲम सिक्स्टी. फिनिश. थर्टीएथ जून, व्हिसा कॅन्सल. कंपनी गिव्ह लेटर.”

त्यांना वाटलं होतं, इंग्रजीत बोललं की ते फक्त त्या बाईंनाच ऐकू जाईल. तसं कसं झालं असतं? पण पंधरा दिवस मराठीतलं एकही वाक्य जे करू शकलं नव्हतं, ते या मोडक्या इंग्रजीने केलं होतं, आणि आता ते मागे घेता येत नव्हतं.

“कधी आलं पत्र?” सुचित्राताईंनी विचारलं. आवाज चढवला नाही.

रमणदादांनी खिशातून पाकीट काढून टीपॉयवर ठेवलं. त्याच्या घडीला घामाचा डाग पडला होता. दयानंदने ते उचललं नाही. त्याने नुसतं पाहिलं. त्याच्या आयुष्यातल्या प्रत्येक कागदावर दादांची सही होती, आणि हा कागद दादांनी एकट्याने खिशात घालून फिरवला. तो म्हणाला, “दादा, मला सांगायचं होतंत.” तो गेल्या अठरा वर्षांत दादांवर रागावला नव्हता, त्यामुळे राग कसा दाखवतात ते त्याला आठवेना. त्याचे डोळे भरून आले.

“काय सांगायचं? तुझ्या घरात मुलीचं बघायचं चाललं होतं.”

फोनमधून बाईंचा आवाज आला. त्या विचारत होत्या, कुणी आहे का तिकडे.

“यस मॅडम, वी आर हिअर,” उर्वी घाईने म्हणाली. मग तिने ऐकलं आणि रमणकाकांकडे पाहिलं. “ती विचारते, मुलगी येतेय का. तिला खोली आवरायची आहे. वरच्या खोलीत तिची वर्तमानपत्रं पडलीयत.”

कॅम्प बॉसला खोलीबद्दल कुणी विचारलं की तो गप्प बसू शकत नाही. “विंडो आहे का खोलीला?” त्यांनी विचारलं.

“दोन.”

“खाट कुठल्या भिंतीला?”

“काका.”

“विचार.”

“पूर्वेच्या.”

रमणदादांनी मान डोलावली. ते फोनवर वाकले आणि वरपक्षाला होकार कळवावा तसं, शब्द मोजून म्हणाले, “मॅडम, गर्ल इज कमिंग. फ्रॉम अवर साइड, ओके.”

वसुंधराने सुचित्राताईंचा हात धरला, आणि तो त्यांनी सोडवून घेतला नाही. बाई पलीकडून उर्वीला काहीतरी सांगत होत्या, जाड मोजे आणण्याबद्दल. मग फोन बंद झाला.

“पण दादा,” कलावती म्हणाली. ती कुठल्या बाजूला आहे हे तिलाही आता नीट आठवत नव्हतं. “त्या गावात काही खोट नाही ना?”

“नाही,” रमणदादा म्हणाले. “तिथे म्हातारं व्हायला परवानगी आहे.”

सव्वासात वाजले तेव्हा फॉर्म भरणं सुरू होतं. दयानंदने गाडीच्या किल्ल्या हातात घेऊन ठेवल्या होत्या. उर्वी टीव्हीसमोर जमिनीवर पालथी पडून लिहीत होती. नाव, जन्मतारीख, शाळा, आईचं नाव, वडिलांचं नाव. एका ओळीवर तिचं पेन थांबलं.

“बाबा, पर्मनंट ॲड्रेस काय लिहू?”

“हाच लिही. अझैबा.”

“हा पर्मनंट कसला?” वसुंधरा म्हणाली. “तुमचं काँट्रॅक्ट दोन हजार तीनपर्यंत.”

“मग वादी अदाई.”

“ते तर जूनमध्ये संपलं,” सुचित्राताई म्हणाल्या.

“माझा चिपळूणचा घाला,” कलावती म्हणाली. “पण सुनेला विचारावं लागेल.”

चौघांनी मिळून आखातातले आणि कोकणातले सगळे पत्ते चाळले. प्रत्येक पत्त्याला कुठलीतरी तारीख चिकटलेली होती. उर्वी पेन धरून वाट बघत होती. तिला पहिल्यांदाच भीती वाटली. ती अमेरिकेची नव्हती. कुठून निघाले हे लिहिता येत नसेल तर परत कुठे यायचं, अशी ती होती.

रमणदादा खिडकीपाशी उभे होते. ते वळले.

“कासारकोंड लिही,” ते म्हणाले. “तालुका गुहागर, जिल्हा रत्नागिरी.”

“दादा, ते घर बंद आहे,” दयानंद म्हणाला. “आठ वर्षं कुलूप आहे. तिथे आहे कोण?”

“एक जुलैपासून मी आहे.”

सुचित्राताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. नऊ वर्षं काढलेलं ते घर, ती चूल, ती विहीर, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलं असावं. मग त्यांनी पदर खोचला. “दोघं आहोत असं लिही,” त्या उर्वीला म्हणाल्या.

तसं लिहायला फॉर्मवर जागा नव्हती. उर्वीने नुसता पत्ता लिहिला, सावकाश, एकेक अक्षर काढत, आणि फोन नंबरच्या रकान्यात काय घालायचं ते विचारलं.

“फोन घेऊ,” रमणदादा म्हणाले. “गेल्या गेल्या घेऊ.”